जुना संगणक काढण्यापूर्वी त्यातील मराठी बाहेर काढा

मा. संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मायक्रोसॉफ्टने 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा आधार थांबवल्यापासून आपल्या दैनिकात आणि इतरत्र जे लिहून आले, त्यातली बहुतेक चर्चा नवा संगणक घ्यावा की जुन्यावरच भागवावे, या एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिली. प्रश्न खराच आहे. पण ज्यांच्या संगणकात पंधरा-वीस वर्षांचा मराठी मजकूर साठून राहिला आहे, अशा छापखान्यांपुढे, ग्रंथालयांपुढे, ज्ञातिसंस्थांपुढे आणि गृहनिर्माण संस्थांपुढे त्याहून अवघड प्रश्न उभा आहे, आणि त्याचा उच्चार झालेला माझ्या तरी वाचनात आला नाही. मी गिरगावात गेली 28 वर्षे मराठी अक्षरजुळणीचे काम करतो, ज्याला आमच्या धंद्यात सरसकट डीटीपी म्हणतात. लग्नपत्रिका, संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका आणि दिवाळीच्या आधी दोन-तीन अंक, असा हा व्याप आहे. दुकानातील संगणकांवर विंडोज 11 घालण्याच्या खटाटोपात मला जे अनुभव आले, ते इतरांच्या उपयोगी पडावेत म्हणून हे पत्र लिहीत आहे. पत्र थोडे लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

आधार थांबला म्हणजे संगणक बंद पडला असे नव्हे. तो पूर्वीसारखाच सुरू होतो, पत्रिका छापून देतो, आणि म्हणूनच पुष्कळांना काही बिघडले आहे असे वाटत नाही. फरक एवढाच पडतो की विंडोजमध्ये यापुढे जी भोके सापडतील ती कोणी बुजवणार नाही. अशा भोकातून काय आत येते, ते मुंबईच्या दारात जून 2017 मध्ये दिसले होते. ‘नॉटपेट्या’ या घातक प्रोग्रॅमने जगभरच्या संगणकांबरोबर न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचेही काम ठप्प केले. तो ज्या वाटांनी पसरत होता, त्यांपैकी एक वाट बंद करणारे अपडेट मार्च 2017 मध्येच निघालेले होते. तेव्हा अपडेट तरी उपलब्ध होते.

घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वर्षभराची वाढीव सुरक्षा जाहीर केली आहे. संगणकाच्या सेटिंगची प्रत आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवायला संमती दिली तर ती विनामूल्य मिळते, नाहीतर 30 डॉलर मोजावे लागतात. ती आपोआप लागू होत नाही, आपण होऊन नाव नोंदवावे लागते, आणि ही गोष्ट माझ्या इमारतीतल्या एकाही ज्येष्ठ नागरिकाला ठाऊक नव्हती. धंद्याच्या संगणकांसाठी मात्र दर पहिल्या वर्षी संगणकामागे 61 डॉलर असा असून पुढे तो दरवर्षी दुप्पट होतो. घरच्या संगणकाला मी ही मुदतवाढ घेतली. दुकानासाठी विंडोज 11 कडे वळणे भाग होते.

दुकानात दोन संगणक आहेत. त्यांतला नवा 2019 सालचा, इंटेलच्या नवव्या पिढीचा. विंडोज 11 ला मेमरी 4 जीबी आणि जागा 64 जीबी एवढीच लागते, परंतु इंटेलचा प्रोसेसर ढोबळमानाने आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा असावा, संगणकात सिक्युअर बूट ही सुरू होतानाच परका प्रोग्रॅम अडवणारी सोय असावी आणि टीपीएम 2.0 ही सांकेतिक किल्ल्या सांभाळणारी सोय असावी, अशा अटी आहेत. मायक्रोसॉफ्टच्या तपासणी प्रोग्रॅमने माझ्या संगणकात टीपीएम सापडत नसल्याचे सांगून नकार दिला. ग्रँट रोड स्थानकाजवळच्या लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्गावर, एका दुकानात चौकशी केली, तेव्हा मदरबोर्ड कालबाह्य झाला आहे, सगळा संच बदलावा लागेल, असे सांगण्यात आले आणि जुना संगणक भंगाराच्या भावात घेण्याची तयारीही दाखवण्यात आली. आमच्या शेजारच्या वाडीत अभियांत्रिकी शिकणारी एक मुलगी राहते. तिने संगणक सुरू होताना डिलीट बटण दाबून बायोस, म्हणजे विंडोजच्याही आधी चालू होणारी संगणकाची मूळ सेटिंग, उघडले, त्यात पीटीटी (इंटेलच्या टीपीएमचे नाव) अशी एक ओळ शोधून काढली आणि तिच्यापुढचे ‘डिसेबल्ड’ बदलून ‘एनेबल्ड’ केले. टीपीएम संगणकात पहिल्या दिवसापासून होते, फक्त ते कोणी चालू केलेले नव्हते. सगळ्या फायलींची प्रत बाहेरच्या हार्डडिस्कवर घेऊन झाल्यावर तिने सिक्युअर बूटसाठी डिस्कची जुन्या पद्धतीची मांडणीही बदलली, ज्यासाठी लागणारा प्रोग्रॅम विंडोजमध्येच असतो, आणि संध्याकाळपर्यंत विंडोज 11 सुरू झाले. तिने माझ्याकडून एक चहा घेतला. संच बदलला असता तर किती गेले असते, हे मी पत्नीला अजून सांगितलेले नाही.

अटींत न बसणाऱ्या संगणकांवर तपासणी चुकवून विंडोज 11 घालून देणारेही पुष्कळ आहेत. तसे करता येते, परंतु अशा संगणकांना पुढचे अपडेट मिळतीलच याची हमी नाही, असे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट म्हटले आहे. आणि ज्या अपडेटसाठी हा सारा खटाटोप, त्याचीच खात्री नसेल तर पैसे कशासाठी घालवायचे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

मला घोर लावला तो दुसऱ्या, जुन्या संगणकाने. 2012 साली घेतलेल्या या संगणकावर मी मुद्दाम 32 बिटांचे, म्हणजे जुन्या धाटणीचे, विंडोज ठेवले होते (हल्लीचे 64 बिटांचे असते). याचे कारण असे की माझे मराठी अक्षरजुळणीचे सॉफ्टवेअर 2001 सालचे आहे आणि ते संगणकाच्या मागे खोचलेले ‘लॉक’ असल्याशिवाय चालत नाही. हे लॉक म्हणजे अंगठ्याएवढे एक खोके असते. ते जागेवर असले तर सॉफ्टवेअर उघडते, नसले तर मिटते. त्या काळी त्याची किंमत एवढी होती की रात्री दुकान बंद करताना मी ते काढून घरी नेत असे. विंडोजला या लॉकची ओळख करून देणारा ड्रायव्हर 32 बिटांचा आहे. 64 बिटांचे विंडोज 32 बिटांचा ड्रायव्हर स्वीकारत नाही आणि विंडोज 11 फक्त 64 बिटांतच येते. विंडोज 10 पर्यंत 32 बिटांचा पर्याय शिल्लक होता, म्हणून आमच्यासारख्यांचे भागत आले. 11 मध्ये ती पायरीच काढून टाकली आहे. नव्या संगणकावर सॉफ्टवेअर घातले, लॉक खोचले, पडद्यावर नाव झळकले आणि लॉक सापडत नसल्याचे सांगून खिडकी बंद झाली. विक्रेत्याला विचारले, तर नवी आवृत्ती विकत घ्या, जुन्या फायली त्यात नीट उघडतील याची हमी नाही, असे उत्तर आले.

हरकत नाही, फायली तर आपल्याच आहेत, या समजुतीने मी नव्या संगणकावर एक फाईल साध्या वर्डमध्ये उघडली. जवळच्या एका जुन्या मोफत वाचनालयाची ग्रंथसूची 2003-04 मध्ये मी टंकलिखित करून दिली होती, तिची ती फाईल. सुमारे 9 हजार पुस्तके, दाखल क्रमांकासह, लेखकाच्या आडनावानुसार. पडद्यावर जे आले त्यात एकही देवनागरी अक्षर नव्हते. डोक्यावर टिंबे आणि टोप्या असलेली युरोपीय अक्षरे, पौंडाची आणि येनची चिन्हे, मध्येच एखादा अपूर्णांक, अशी पाने खाली सरकत होती. वाचनालयाचे कार्यवाह शेजारी बसले होते. त्यांनी फाईल खराब झाली का, असे विचारले. ती खराब झालेली नव्हती. ती पहिल्यापासून अशीच होती. त्यावर मराठी अक्षरांचा मुखवटा चढवणारा फाँट तेवढा त्या संगणकावर नव्हता.

याची फोड करणे आवश्यक आहे, कारण हा घोटाळा हजारो संस्थांच्या कपाटात आहे. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत देवनागरीला 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत स्वतःच्या 128 जागा मिळाल्या आणि विंडोज 2000 पासून संगणकावर त्या वापरता येऊ लागल्या. परंतु छपाईच्या धंद्यात तेव्हा पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रॅमचे राज्य होते, आणि पेजमेकरला युनिकोडमधील देवनागरी समजत नसे. म्हणून फाँट बनवणाऱ्यांनी इंग्रजीसाठी असलेल्या जागांवरच मराठी अक्षरांची चित्रे बसवली. वापरता येण्याजोग्या जागा जेमतेम 200, आणि देवनागरीची अर्धी अक्षरे व जोडाक्षरे धरली तर गरज कितीतरी अधिक. मग अक्षरांचे तुकडे पाडले गेले. ‘ग’ हे अक्षर म्हणजे अर्ध्या ‘ग’चा तुकडा आणि पुढे उभा दंड. माझे वडील छापखान्यात शिशाचे खिळे जुळवीत, तेव्हा ‘केस’मधून, म्हणजे खिळ्यांच्या खणांच्या पेटीतून, असेच तुकडे उचलून अक्षर पुरे करीत. आम्ही शिसे सोडले, पण जुळाऱ्याची पद्धत संगणकात तशीच नेली. शिवाय प्रत्येक कंपनीने तुकडे आपापल्या जागी बसवले, त्यामुळे एका फाँटमधील मजकूर दुसऱ्या कंपनीच्या फाँटमध्ये उघडला की त्याचा काला होतो. यात दोष केवळ कंपन्यांचा नाही. 2010 नंतर पर्याय उपलब्ध असतानाही हात बसलेला आहे म्हणून मी जुनेच चालू ठेवले, ही माझी चूक आहे.

आता हा मजकूर युनिकोडमध्ये आणायचा, तर परिवर्तक प्रोग्रॅम मिळतात, काही विनामूल्यही आहेत. मी तीन वापरून पाहिले. त्यांची अडचण अशी की जुन्या फाँटमध्ये अक्षरे दिसतील त्या क्रमाने साठवलेली असतात आणि युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने साठवतात. ‘वि’ लिहिताना डोळ्यांना पहिली वेलांटी दिसते, म्हणून जुन्या फाँटमध्ये आधी वेलांटी, मग ‘व’. युनिकोडमध्ये आधी ‘व’, मग वेलांटी. रफाराचे नेमके उलटे आहे: तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर दिसतो, म्हणून जुन्या फाँटमध्ये तो शेवटी असतो, पण उच्चारात ‘र्’ आधी येतो. परिवर्तकाने हा क्रम बदलला नाही, की ‘विकास’चा ‘िवकास’ होतो, ‘सर्व’चे ‘सवर्’ आणि ‘कार्यक्रम’चा ‘कायर्क्रम’ होतो. मराठी वृत्तपत्रांच्या संकेतस्थळांवर पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या बातम्या शोधणाऱ्याला ‘मागर्’, ‘वषर्’, ‘कायर्क्रम’ हे शब्द चांगलेच परिचयाचे असतील. त्यांचा उगम हाच आहे. अशा बातम्या शोधयंत्राला सापडतही नाहीत, कारण ‘कायर्क्रम’ असे टंकून कोणी काही शोधत नाही.

माझ्या ग्रंथसूचीत याहून बारीक चुका निघाल्या. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कुऱ्हाड’ यांतला आडवा रफार ही मराठीची खास खूण आहे, हिंदीला तिची गरज नाही. त्यामुळे ज्या परिवर्तकांची मांडणी हिंदी डोळ्यांसमोर ठेवून झाली आहे, त्यांनी या साऱ्याचे ‘दुसर्या’, ‘तर्हा’ करून टाकले. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा 2008 मध्ये मिळाली, त्याआधीच्या परिवर्तकांना ते ठाऊकच नाही. सर्वांत वाईट अवस्था मराठीत मिसळलेल्या इंग्रजीची झाली. मजकूर साध्या स्वरूपात परिवर्तकाला दिला, तर कोणते अक्षर खरोखर इंग्रजी आणि कोणते मराठीचा मुखवटा घातलेले, हे त्याला कळत नाही. त्याने इंग्रजी पुस्तकांची नावे आणि प्रकाशकांची आद्याक्षरेही मोठ्या निष्ठेने मराठीत उतरवली. एका इंग्रजी शब्दकोशाच्या नावाचे जे झाले, ते वाचून कार्यवाह इतके हसले की त्यांना पाणी द्यावे लागले. फाईल साधी न देता फाँटच्या माहितीसकट दिली, की हा गोंधळ बराच कमी होतो, हे मला चौथ्या दिवशी उमगले.

ही तपासणी शक्य झाली, कारण जुना संगणक अजून चालू आहे. माझा सांगण्याचा मुद्दा नेमका हाच आहे. परिवर्तित मजकूर बरोबर आहे की नाही, हे ताडून पाहण्यासाठी मूळ मजकूर जसा होता तसा दाखवणारी एक तरी जागा हवी, आणि ती जागा म्हणजे जुने विंडोज, जुने सॉफ्टवेअर, त्याचे लॉक आणि त्याचे फाँट असलेला तोच जुना संगणक. नवा आला म्हणून तो संगणक भंगारात दिला, की मजकुराची किल्लीच गेली. मग फायली पेनड्राइव्हवर कितीही जपून ठेवा. मी माझ्या जुन्या संगणकाची इंटरनेटची वायर कायमची काढून टाकली आहे. त्याला अपडेट मिळत नसले, तरी बाहेरचा वाराही लागत नाही. त्यावर मूळ पान उघडायचे, शेजारच्या संगणकावर युनिकोडमधले पान उघडायचे आणि एकाने वाचायचे, दुसऱ्याने ताडायचे, म्हणजे जुन्या काळचे मुद्रितशोधनच. शिवाय जुन्या संगणकावरून प्रत्येक फाईलची पीडीएफ काढून ठेवली आहे, म्हणजे उद्या तोही मेला, तरी पान दिसायचे कसे हे तरी राहील. पेजमेकरच्या फायलींसाठी तर हे अधिकच निकडीचे आहे, कारण पेजमेकरच्या जागी आलेल्या इनडिझाइनच्या अलीकडच्या आवृत्त्या त्या थेट उघडत नाहीत.

ज्यांचा मजकूर आधीपासून युनिकोडमध्ये आहे, त्यांना यातले काहीही करावे लागणार नाही. त्यांच्यापैकी कोणाची कागदपत्रे ‘मंगल’ फाँटमध्ये असतील आणि कोऱ्या विंडोज 11 वर ती वेगळी दिसू लागली, तर घाबरू नये. तो फाँट आता पहिल्यापासून बसवलेला नसतो, पर्यायी सुविधांमधून देवनागरीचे पूरक फाँट घेतले की येतो. टंकलेखनासाठी इनस्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा प्रमाण कळफलक विंडोजमध्ये आहेच, आणि उच्चारानुसारी टंकणाऱ्यांसाठी 2019 पासून मराठी फोनेटिकही आहे.

आता मागणी. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय 3 ऑक्टोबर 2024 रोजी झाला, त्याचा आनंद माझ्या दुकानात पेढे वाटून आम्ही साजरा केला होता. त्या भाषेचा दोन दशकांचा मजकूर फाँटच्या कुलपात अडकला आहे, याची दखल मात्र कोणी घेतलेली दिसत नाही. शासनाने कामकाजात युनिकोड वापरण्याचे आदेश काढले, ते पुढच्या मजकुरासाठी. मागच्या मजकुराचे काय करायचे, हा प्रश्न ज्याच्या त्याच्यावर सोडला गेला. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान घेणारी ग्रंथालये या राज्यात आहेत, आणि ग्रंथालय संचालनालयाने त्यांना एक साधे पत्रक पाठवले, की संगणक बदलण्यापूर्वी जुन्या फाँटमधील सूची युनिकोडमध्ये आणून तपासून घ्या, तर खर्च टपालाचाच होईल. त्याहून महत्त्वाचे असे की ज्या कंपन्यांनी हे फाँट बनवले, त्यांनी आपल्या बंद पडलेल्या फाँटमालिकांचे तक्ते, म्हणजे कोणत्या क्रमांकावर कोणत्या अक्षराचा तुकडा आहे याची यादी, सर्वांसाठी खुली करावी. ते फाँट आता कोणी विकत घेत नाही, त्यामुळे धंद्याचे नुकसान नाही. तक्ता हाती असेल तर अचूक परिवर्तक लिहिणे कोणाही जाणकार विद्यार्थ्याला जमण्याजोगे आहे. वाडीतल्या त्या मुलीने माझ्यासाठी तो चार रविवारांत लिहिला आणि त्यात रफार, वेलांटी आणि ‘ऱ्या’ तिन्ही बरोबर येतात.

तिला लागलेला तक्ता मी जुन्या संगणकावर एकेक कळ दाबून, पडद्यावर काय उमटते ते वहीत उतरवून तयार केला. 7 चिन्हे कशासाठी होती, याचा उलगडा मला अजून झालेला नाही. बहुधा ती अशा जोडाक्षरांची असावीत, जी 28 वर्षांत माझ्याकडे एकदाही छपाईला आली नाहीत. ती वही आणि तो परिवर्तक ज्या वाचनालयाला किंवा संस्थेला हवा असेल, त्यांना मी विनामूल्य देईन, आणि वाचकांपैकी कोणा जुन्या जुळाऱ्याला त्या 7 चिन्हांची ओळख पटली, तर त्यांनी आपल्या दैनिकामार्फत अवश्य कळवावे.

आपला विश्वासू,
एक अक्षरजुळणीकार
गिरगाव, मुंबई